कुत्र्याला माणसाची गोळी वजनाच्या हिशेबाने दिली तर चालते का?

तुम्ही लिहिलंय की कुत्रा १२ किलोचा आहे, कालपासून अंग गरम लागतंय, जेवणाला तोंड लावत नाही. माणूस ६० किलोचा धरला तर त्याला पॅरासिटामॉल ६५०ची एक गोळी, म्हणून कुत्र्याला तिचा पाचवा भाग. पाच तुकडे नीट होत नाहीत म्हणून पाव गोळी. चालेल का, हा प्रश्न.

आजच्यापुरतं आधी सांगते. अजून दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर घाबरू नका, धडधाकट कुत्र्याला एवढ्याने सहसा काही होत नाही. किती वाजता दिली ते तेवढं लिहून ठेवा आणि दुसरी देऊ नका.

मी पशुवैद्य आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना आहे, सकाळ म्हशींची, संध्याकाळ कुत्र्यांची. तुमचं हे त्रैराशिक मला दर आठवड्याला कुणी ना कुणी ऐकवतं, आणि बहुतेक वेळा गोळी पोटात गेल्यानंतर.

गंमत म्हणजे तुमचं उत्तर बरोबर आलंय. ६५०ची पाव गोळी म्हणजे साधारण १६२ मिलिग्रॅम, १२ने भागलं की किलोमागे साडेतेरा. आम्ही कुत्र्याला पॅरासिटामॉल देतो तेव्हा किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅमच देतो. पण हे जुळलं ते योगायोगाने, आणि मला भीती त्या योगायोगाचीच वाटते. एकदा गुण आला की माणूस तेच त्रैराशिक पुढच्या गोळीला लावतो.

लावून बघा. कॉम्बिफ्लॅमच्या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलबरोबर ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. पाचवा भाग केला की आयबुप्रोफेन ८० मिलिग्रॅम, किलोमागे साडेसहाच्या आसपास. दिसायला किती थोडं! पण रोज किलोमागे ५ ते ८ मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी कुत्र्याच्या जठरात व्रण पडू शकतात. १२ किलोच्या कुत्र्याने अख्खी गोळी पळवली तर किलोमागे ३३ होतात, तेवढ्यात उलट्या आणि काळी शी सुरू होऊ शकते. नेप्रोक्सेन या दुखण्यावरच्या औषधाचं आणखी वेगळं. माणसाच्या रक्तातून ते अर्ध्या दिवसात निम्मं होतं, कुत्र्यात त्याला दोन-तीन दिवस लागतात. सकाळ-संध्याकाळ दिलं की ते उतरत नाही, साठत जातं.

मेलोक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध तर आम्ही स्वतः कुत्र्यांना लिहून देतो. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे रोज ०.१. म्हणजे तुमच्या कुत्र्याला रोजचे १.२ मिलिग्रॅम. आजोबांच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी असते १५ची. तिची पाव गोळी म्हणजे पावणेचार मिलिग्रॅम, तिपटीहून जास्त. चार दिवस दिली तर मूत्रपिंडाची परीक्षा.

आता उलटं उदाहरण. माझ्याकडे ३० किलोचा एक लॅब्राडॉर थायरॉइडसाठी येतो. थायरॉक्सिन कुत्र्याला सुरुवातीला किलोमागे २० मायक्रोग्रॅम लागतं आणि तेही दिवसातून दोनदा, म्हणून त्याला सकाळी ६०० आणि संध्याकाळी ६०० मायक्रोग्रॅम लिहून दिलं. त्याच्या मालकीणबाईंची स्वतःची गोळी आहे रोजची १००ची. चिठ्ठी बघून मेडिकलवाल्याचा मला फोन, "मॅडम, एक शून्य जास्तीचं पडलंय का?" पडलं नव्हतं. कुत्र्याच्या आतड्यातून ते औषध कमी शोषलं जातं आणि शरीरातून भराभर बाहेर पडतं. त्या पोऱ्याने फोन केला याचं मात्र मला कौतुक आहे. सगळे करत नाहीत.

एकाच त्रैराशिकाने पॅरासिटामॉल बरोबर येतं, मेलोक्सिकॅम अडीचपट-तिप्पट होतं आणि थायरॉक्सिनचा एका वेळचा डोस बाराव्या हिश्शावर येतो. म्हणजे गुणाकार-भागाकारात चूक नाही, चूक आहे किलोमागचा आकडा माणसाकडून उसना घेण्यात. तो आकडा प्रत्येक औषधासाठी कुत्र्यावरच ठरलेला असतो आणि तो पशुवैद्यानेच द्यायचा. एकदा तो हातात आला की पुढचं गणित तुम्ही जरूर करा. आमचं तपासायलाही करा, घाईत आम्हीही चुकतो.

वजन गुणिले किलोमागचा आकडा म्हणजे लागणारे मिलिग्रॅम. ते गोळीच्या किंवा एक मिलीलिटर औषधाच्या ताकदीने भागायचे. संपलं. पण वजन अंदाजाने धरू नका. केसाळ पॉमेरेनियन बघून लोक मला ८ किलो सांगतात, भरतं ४. घरच्या काट्यावर त्याला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. घरी काटा नसेल तर रद्दीवाला नाही म्हणत नाही.

पातळ औषधात जास्त घोळ होतो. लहान मुलांच्या पॅरासिटामॉलच्या एका सिरपवर लिहिलेलं असतं "५ मिलीत १२० मिलिग्रॅम", म्हणजे एका मिलीत २४. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स असतात एका मिलीत १००चे. खोके सारखेच, नाव तेच, ताकद चौपट. शिवाय शुगर-फ्री लिहिलेल्या बाटलीत गोडीसाठी झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते, मग आतलं औषध कितीही मोजून दिलेलं असो.

माझी स्वतःची चूक सांगते. नवीन होते तेव्हाची. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एका काकूंकडे खरजेने अंगावरचे केस गेलेलं ४ किलोचं पिल्लू होतं. आपल्याकडे गुरांसाठी किडे-जंत मारणाऱ्या आयव्हरमेक्टिनचं १ टक्क्याचं इंजेक्शन मिळतं, एका मिलीत १० मिलिग्रॅम. जनावराच्या ५० किलो वजनाला १ मिली असा त्याचा हिशेब. पिल्लाला किलोमागे २०० मायक्रोग्रॅम म्हणजे एकूण ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०८ मिली. मी फोनवर सांगितलं, "पॉइंट शून्य आठ." काकूंनी ऐकलं "पॉइंट आठ". दहापट. दुसऱ्या दिवशी पिल्लू झिंगल्यासारखं डगमगत होतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, लाळ गळत होती. आयव्हरमेक्टिनवर उतारा नाही. सलाइन लावायचं, अंग ऊबदार ठेवायचं आणि वाट बघायची. चौथ्या दिवशी त्याने बिस्कीट खाल्लं. चूक काकूंची नव्हती, फोनवर दशांश सांगणाऱ्या माझी होती.

तेव्हापासून मी मिली सांगतच नाही. लाल टोपीची इन्सुलिनची सिरिंज आणायला लावते आणि रेघा सांगते: "तीन रेघा." त्या सिरिंजवर ४० युनिट म्हणजे १ मिली, म्हणून ०.०८ मिली होतात तीन युनिटांहून किंचित जास्त. इथेही एक खड्डा आहे. १०० युनिटांची सिरिंज हातात आली तर त्याच तीन रेघा ०.०३ मिली होतात. म्हणून टोपीचा रंग विचारते, आणि सुई टोचण्याआधी भरलेल्या सिरिंजचा फोटो मागवते. लोकांना हे अती वाटतं. वाटू दे.

आणि कोली जातीचं रक्त असेल तर हे इंजेक्शन लांबच ठेवा. त्यांच्यातल्या पुष्कळ कुत्र्यांत एका जनुकात बिघाड असतो, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी तो २००१ साली शोधला. मेंदूत शिरलेलं औषध बाहेर ढकलणारा पंपच त्यांच्याकडे चालत नाही. गावठी कुत्र्याला खरजेसाठी जो डोस सहज पचतो, तो अशा कोलीला कोमात नेऊ शकतो. वजन सारखं असून!

आता तुमच्या कुत्र्याकडे येते. "अंग गरम लागतंय" याला मी ताप म्हणत नाही. कुत्र्याचं साधं, निरोगी तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्या हाताला ते कायम गरमच लागणार. नाक कोरडं की ओलं यावरूनही काही कळत नाही. मेडिकलमधून डिजिटल थर्मामीटर आणा, टोकाला व्हॅसलीन लावा आणि गुदद्वारात हलकेच इंचभर सरकवून मोजा. एकाने शेपटीशी धरायचं, दुसऱ्याने तोंडाशी बोलत बसायचं. १०२ दिसलं तर ताप नाही. १०३च्या वर असेल तर आहे. उन्हात किंवा बंद गाडीत राहून १०६ चढला असेल तर तो ताप नव्हे, उष्माघात. त्यात तापाच्या गोळीचा काहीही उपयोग नाही, अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठायचा.

ताप खरंच निघाला तर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली गोचीड आहे का बघा. आपल्याकडे जेवण सोडलेल्या, तापलेल्या कुत्र्यात माझा पहिला संशय गोचीडतापावरच असतो. आणि तुमच्या पाव गोळीला माझा खरा विरोध इथे आहे. गोचीडतापात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरतात. अशात कुणी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन दिलं तर जठरातून रक्तस्राव व्हायला निमित्तच मिळतं. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य, पण ते ताप उतरवून दोन दिवस फुकट घालवतं. संध्याकाळी कुत्रा शेपूट हलवतो, तुम्ही निवांत होता, आणि तिसऱ्या दिवशी हिरड्या पांढऱ्याफटक घेऊन माझ्या टेबलावर येता. पावसाळा असेल आणि लघवी गडद पिवळी दिसत असेल तर लेप्टोचाही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचाही, विचार करावा लागतो. त्यात यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही आधीच अडचणीत असतात.

म्हणून उद्यावर न टाकता रक्त तपासून घ्या. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट कळतात. गोचीडताप निघाला तर बहुधा डॉक्सिसायक्लिन मिळेल, आणि ते साधारण २८ दिवस चालतं. पाचव्या दिवशी कुत्रा भाकरी मागायला लागतो म्हणून लोक बंद करतात, ते करू नका. ती गोळी कोरडी घशात ढकलू नका, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. मागून दोन घास किंवा थोडं पाणी जाऊ द्या.

दवाखान्यात जाताना दिलेल्या गोळीची स्ट्रिप सोबत न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. रागावतील, पण घरी कॉम्बिफ्लॅम दिलंय हे माहीत नसताना त्यावर मेलोक्सिकॅम किंवा स्टिरॉइड टोचलं गेलं तर ते फार महागात पडतं. गोळी जास्त गेली असेल आणि चेहरा किंवा पंजे सुजले, हिरड्या चॉकलेटी दिसल्या तर रात्र असो की पहाट, निघा. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.

तुमच्या प्रोफाइलच्या फोटोत एक मांजरही दिसतंय. तिच्या बाबतीत त्रैराशिक मांडूच नका. पॅरासिटामॉल निकामी करणारी यकृतातली व्यवस्था मांजरात जवळपास नसते, किलोमागे १० मिलिग्रॅमनेही विषबाधा झालेली आहे. गोळी तोडून झाली असेल आणि उरलेली पाऊण कागदावर तशीच टेबलावर असेल, तर आधी ती उचलून कपाटात ठेवा, मग थर्मामीटर आणायला जा.