नॅरोबोटवरचे प्रश्न: पंख्यात साडी, रात्रीत उतरणारी बॅटरी आणि नदीवर तापणारं इंजिन

मागच्या अंकात मी इंग्लंडच्या कॅनॉलवरच्या आमच्या घराबद्दल लिहिलं होतं. ५७ फूट लांब आणि जेमतेम ६ फूट १० इंच रुंद अशी लोखंडी नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलवर चालणारी अरुंद बोट आहे, आत दोघांचा संसार, आणि आम्ही कायमची जागा घेतलेली नाही त्यामुळे नियमाप्रमाणे साधारण १४ दिवसांनी पुढे सरकायचं. त्यावर एवढे प्रश्न आलेत की सगळे इथे मावणार नाहीत, त्यामुळे ज्यात लोक खरोखर अडकलेत ते आधी घेते.

प्रश्न: ताई, आम्ही मिल्टन कीन्सला राहतो, मागच्या वर्षी सेकंडहॅन्ड नॅरोबोट घेतली. परवा चालता चालता बोट एकदम थरथरायला लागली, इंजिनचा आवाज जड झाला, मागून काळा धूर यायला लागला आणि बोट पुढे जाईचना. गिअरबॉक्स गेला का? खर्चाच्या विचारानेच झोप उडालीये.

उत्तर: गिअरबॉक्सपर्यंत एवढ्यात जाऊ नका. आधी न्यूट्रलला टाकून बघा, इंजिन नेहमीसारखं मोकळं चालतंय ना? मग बहुतेक वेळा बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला (प्रोपेलरला) काहीतरी गुंडाळलेलं असतं. प्लॅस्टिकची पिशवी, दोरी, सायकलची ट्यूब, काहीही असू शकतं. शरद ऋतूत नुसता पाला असेल तर थोडा वेळ रिव्हर्स मारला की सुटतो पण कापड किंवा दोरी असली की रिव्हर्सने आणखी घट्ट बसू शकते, म्हणून एकदा मारून बघा, नाही सुटलं तर काठाला लावा.

आता पंख्याच्या बरोब्बर वर एक चौकोनी झाकण असतं, त्याला वीडहॅच म्हणतात. आधी इंजिन बंद करा आणि चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवा, कुणाकडे देऊ नका, लटकवून ठेवू नका. बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. मग झाकण उघडून हात खाली घालायचा, पाणी गढूळ असतं, दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी चाचपून कळतं. पात्यांच्या कडा धारदार झालेल्या असतात आणि मासे धरायचे गळ किंवा तारही असू शकते म्हणून जाड हातमोजे घाला. ब्रेड कापायची दातेरी सुरी सगळ्यात चांगली, साध्या सुरीने ओलं कापड कापलं जात नाही.

लेस्टरजवळ माझ्या पंख्यातून पाऊण तासात एक अख्खी साडी निघाली होती. आधी नुसत्या चिंध्या येत होत्या, काळ्या, ग्रीस लागलेल्या, आणि मग एक पट्टी हातात आली ती पाण्यात खळबळून बघितली तर जरीचा काठ! फेब्रुवारी होता, कोपरापर्यंत हात बधिर झालेला, आणि तो काठ बघून मी तशीच बसून राहिले. कुणीतरी श्रद्धेने सोडली असणार. त्या भागात पाण्यावर नारळ तरंगताना मी बघितलेत, नारळाने बोटीला काही होत नाही, फुलांनीही नाही. पण साडी, ओढणी, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य हे कृपा करून सोडू नका. बोट मधेच बंद पडते आणि पाण्यातल्या बदकांच्या पायातही हेच अडकतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसांना एवढं जरूर सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, झाकण परत लावताना त्याचं रबर नीट बसलंय का बघा आणि घट्ट आवळा. झाकण सैल राहिलं आणि इंजिन जोरात चालवलं तर पंखा पाणी उपसून थेट आत भरतो. यात बोटी बुडाल्यात हो. आवळल्यावर पंखा हळू फिरवून बघा, कडेने पाणी येत नाही ना, मगच निघा.

प्रश्न: आमच्या बॅटऱ्या सकाळपर्यंत उतरतात. ११० अँपिअर-अवरच्या चार आहेत, दोन वर्षंच झाली. उन्हाळ्यात काही त्रास नव्हता. नवीन घ्याव्या का?

उत्तर: घ्यायच्या आधी हिशोब करू. चार मिळून ४४०, पण लेड-ॲसिडच्या असल्या तर त्यातल्या निम्म्याच वापरायच्या, म्हणजे २२०. फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप धरून दोन माणसांच्या बोटीवर दिवसाला शंभरेक सहज जातात. उन्हाळ्यात सोलर ते भरून काढतं. डिसेंबरात इंग्लंडात उजाडतं आठला आणि चारच्या सुमाराला मावळतं, त्यातून ढग, त्यामुळे सोलर जवळजवळ नसल्यासारखंच धरा.

मग लोक काय करतात, रोज तासभर इंजिन चालवतात आणि म्हणतात चार्ज झालं. होत नाही. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटकन भरते, वरच्या २० टक्क्यांना तासन् तास लागतात, आणि रोज अर्धवट भरत राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि बॅटरीची ताकदच कमी होते. तुमच्या बॅटऱ्या अशाच गेल्यात असं मला वाटतं. रात्री सगळं बंद करा, सकाळी चार्जिंग सुरू व्हायच्या आधी मीटर लावा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आली. त्याच्या खाली रोज जात असेल तर वापर जास्त आहे नाहीतर बॅटऱ्या संपल्यात. प्रत्येक बॅटरी सुटी करून तपासा, कारण एक खराब असली की बाकीच्या तिघींना ती खाली ओढते.

आठवड्यातून एकदा तरी दिवसभर प्रवास करून पूर्ण भरा. काठाला बांधून इंजिन चालवायचं तर रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात नाही, हा नियम आहे आणि शेजारच्या बोटीत कुणाचं लहान बाळ झोपलेलं असतं हेही आहे. लिथियम घ्यायच्या विचारात असाल तर नुसत्या बॅटऱ्या बदलू नका, त्या इतका करंट ओढतात की इंजिनवरचा बॅटरी चार्ज करणारा साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो, वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या.

प्रश्न: कॅनॉलवर इंजिन अगदी छान चालतं पण ट्रेंट नदीवर प्रवाहाच्या उलट निघालो की अर्ध्या तासात तापतं. थर्मोस्टॅट बदलला, फरक नाही.

उत्तर: तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. नॅरोबोटला बहुधा गाडीसारखा रेडिएटर नसतो, बोटीच्या लोखंडी कुशीला आतून एक चपटी टाकी वेल्ड केलेली असते, स्किन टँक, इंजिनचं गरम पाणी तिच्यातून फिरतं आणि लोखंडातून बाहेरच्या थंड पाण्याला उष्णता देतं. कॅनॉलवर ताशी ४ मैलांची मर्यादा, इंजिनला काम कमी. नदीवर तेच इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरवायला लागतं आणि टाकीला ती उष्णता बाहेर टाकता येत नाही.

आधी स्वस्तातलं बघा. टाकीत वरच्या बाजूला हवा धरलेली असते, तिथे हवा काढायचा स्क्रू असतो. इंजिन पूर्ण गार असताना तो हळूच सैल करा, फुसफुस थांबून पाणी यायला लागलं की आवळा, आणि हेडर टँकमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वरच्या छोट्या टाकीत, कूलंट घाला. गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने चेहरा भाजतो. मग फॅनबेल्ट, अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटीमीटर दबावा. एवढं करून तापतंच असेल तर टाकी इंजिनच्या मानाने लहान आहे, जुन्या बोटीत जास्त ताकदीचं इंजिन बसवलं की हे होतं, मग दुसरी टाकी जोडावी लागते. तोपर्यंत नदीवर वेग कमी ठेवा आणि पाऊस पडून प्रवाह वाढलेला असेल तर जाऊच नका.

प्रश्न: मी नाशिकची. मुलगी-जावई बोटीवर राहतात, आम्ही दोघं ऑगस्टमध्ये महिनाभर जाणार. संडास, पाणी आणि स्वयंपाकाचं कसं असतं? मुलगी सगळं 'छान आहे गं' म्हणते.

उत्तर: काकू, मुलगी खोटं बोलत नाहीये, पण सवय लागायला आठवडा जातो. संडासची बहुतेक वीसेक लिटरची पेटी असते, चार माणसांत ती एका-दोन दिवसांत भरते आणि ठराविक ठिकाणी नेऊन रिकामी करायची, हे काम जावई करत असतील तर त्यांना लागणारा वेळ तुम्ही धरून चाला. पाणी टाकीतलं, त्यामुळे नळ सोडून भांडी विसळायची नाहीत, आपल्याकडे पाणीकपातीत बादलीत घेऊन विसळतो तसंच करायचं. स्वयंपाकाला गॅसच असतो, १३ किलोचा सिलिंडर, बाहेर नाकाशी वेगळ्या कप्प्यात ठेवलेला. कुकरची वाफ मात्र एवढ्याशा जागेत भिंतीवर पाणी होऊन उतरते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा, आणि खाली-वर ज्या जाळ्या दिसतील त्या थंडी वाजते म्हणून कापड कोंबून बंद करू नका, हवा खेळायला त्याच आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर आधी सगळे बाहेर, मग कारण शोधायचं.

लॉक म्हणजे बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नेणारी, दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची कुंडी, झडपा उघडून तिच्यात पाणी भरतात किंवा सोडतात. त्यातून खाली उतरताना काकांना मागे सुकाणूजवळ उभं राहायचा मोह होईल, राहू दे, छान दिसतं तिथून. फक्त भिंतीवरची पांढरी रेघ त्यांना दाखवून ठेवा. पाणी उतरताना बोटीची मागची बाजू त्या रेघेच्या पुढेच राहायला हवी, नाहीतर ती दगडी उंबरठ्यावर अडकते आणि पुढचं टोक खाली जातं. तसं वाटलं तर काकांनी लगेच ओरडायचं, जावई खालच्या झडपा बंद करतील आणि वरच्या हळूहळू उघडून पाणी परत भरतील.