आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवर साल नाही, कपड्यांवरून काळ ओळखता येतो का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या फोंड्याच्या जुन्या घरात ट्रंकेत आजी-आजोबांच्या लग्नाचे पाच-सहा ब्लॅक अँड व्हाइट फोटो मिळाले, मागे तारीख नाही, एकावर स्टुडिओचा पुसट शिक्का आहे, नवरी नऊवारीत, नवरा सूट-टायमधे, आणि घरात कोणी १९४८ म्हणतं कोणी १९६४. तर हो, कपड्यांवरून बऱ्यापैकी कळतं, आणि तुमच्या केसमधे तर चांगलंच कळेल कारण या दोन सालांच्या मधे फॅशन खूप बदलली आणि गोव्यात तर पोर्तुगीज राजवट जाऊन राज्यच बदललं.

पण सगळ्यात आधी नवरीकडे बघणं थांबवा. सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच अडकतात. नवरीचा वेश हा विधीचा वेश असतो, नऊवारी, हिरवा चुडा, मुंडावळ्या, डोक्यात अबोली-शेवंतीची वेणी, हे १९३० मधेही तसंच आणि १९७० मधेही जवळजवळ तसंच, शिवाय शालू आईचा असू शकतो आणि दागिने तर हमखास आजीकडून आलेले असतात. म्हणजे नवरीच्या अंगावरच्या बऱ्याचशा वस्तू फोटोपेक्षा वीस-तीस वर्षं जुन्या असू शकतात. म्हाताऱ्या माणसांचंही तेच, पगडी आणि धोतरावर बंद गळ्याचा कोट घातलेले पणजोबा दिसले म्हणून फोटो १९२० चा होत नाही, त्यांनी तरुणपणी जे घातलं तेच शेवटपर्यंत घातलं.

बघायचं ते नवऱ्याच्या कोटाकडे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो कारण लग्नाचा सूट बहुतेक वेळा त्याच लग्नासाठी नवा शिवलेला असतो, आणि गोव्यातले शिंपी पाश्चात्त्य कपडे शिवण्यात तयार होते, चालू कट त्यांना माहीत असायचा. कॉलरच्या खालची जी घडी छातीवर येते, लॅपेल म्हणतात ती, तिची रुंदी बघा. १९४० च्या दशकात आणि पन्नाशीच्या सुरुवातीला ती रुंद, कोट बऱ्याचदा डबल ब्रेस्टेड, खांदे भरलेले, पँट ढगळ आणि कंबरेला चुण्या, टाय रुंद. १९५८-६० पासून साधारण १९६७ पर्यंत सगळं बारीक होत गेलं, लॅपेल चिंचोळी, टाय बोटाएवढी, पँट खाली निमुळती. मग सत्तरीत परत उलटं, लॅपेल खांद्यापर्यंत, टाय भली रुंद, बेलबॉटम, कानाखाली लांब कल्ले. तुमचा वाद १९४८ की १९६४ असा आहे, तर टाय आणि लॅपेलवरच अर्धा वाद मिटेल. सूट मागून आणलेला असेल तर खांद्यात किंवा बाहीत बसलेला नसतो, तेही नीट बघितलं की दिसतं.

नंतर करवल्या आणि कडेला उभ्या असलेल्या तरुण मुली. त्या हौसेने नवं नेसून आलेल्या असतात. गोल पाचवारी साडी शिकलेल्या तरुण बायकांमधे १९३० नंतर हळूहळू आली आणि पन्नाशीपर्यंत चांगली रुळली, म्हणून एकही तरुण मुलगी पाचवारीत नसेल तर फोटो जुना असण्याची शक्यता वाढते. ब्लाउजच्या बाह्या आणखी बोलक्या. गळ्यापर्यंत बंद, लेसवालं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं आणि खांद्याला ब्रोच हा साधारण १९२० पर्यंतचा थाट. चाळीस-पन्नाशीत आखूड फुगा बाही खूप दिसते. साठीत बाही अंगाला घट्ट आणि ब्लाउज आखूड, साठीच्या शेवटी नि सत्तरीत स्लीव्हलेस, आणि ऐंशीत फुगे परत आले, त्यामुळे नुसता फुगा बघून निकाल देऊ नका, केसही बघा. केसांना वर उचलून पफ काढलाय म्हणजे साठीचा मधला किंवा नंतरचा काळ.

गोव्याची एक गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी, पुण्या-मुंबईच्या फोटोंवरून केलेले ठोकताळे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पन्नाशीच्या उत्तरार्धात खाणीचा पैसा आला आणि पोर्तुगीज राजवटीत परदेशी माल इथे सहज मिळत होता, त्यामुळे नायलॉनच्या पारदर्शक साड्या, स्विस घड्याळं, परदेशी कापड हे आपल्या फोटोत भारतातल्या फोटोंपेक्षा आधी दिसू शकतं. उलट १९५५ पासून भारताने आर्थिक नाकेबंदी केली, परमिटशिवाय येणं-जाणं बंद झालं, तर गिरगावातले काका-मामा लग्नाला पोचणं कठीण झालं होतं. गांधी टोपी १९२० च्या आधीच्या फोटोत नसणार, एवढं त्या टोपीवरून सांगता येतं.

आता शिक्का, कारण मला वाटतं तुमचं खरं उत्तर तिथेच आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. त्याआधीच्या शिक्क्यांवर भाषा बहुतेक पोर्तुगीज, पणजीच्या जागी नोव्हा गोवा किंवा पांजी, म्हापश्याच्या स्पेलिंगमधे सी खाली शेपटी (ç). अर्थात स्टुडिओवाल्याने मुक्तीनंतर दुसऱ्या दिवशी रबर स्टँप फेकून दिला नसणार, म्हणून पोर्तुगीज शिक्का असला तरी दोन-चार वर्षांची सूट धरा. मागे किंमत एस्कुदोत, म्हणजे पोर्तुगीज चलनात, लिहिलेली असेल तर मात्र मजबूत पुरावा, कारण इथल्या जुन्या रुपिया चलनाच्या जागी एस्कुदो १९५८-५९ ला आला, म्हणजे १९५८-५९ ते १९६१-६२ एवढीच खिडकी उरते. आणि पत्त्यात ४०३ ने सुरू होणारा पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेला, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाले.

छापलेला म्हणालो, काढलेला नाही. जुन्या फोटोवरून नवी कॉपी काढून घ्यायची पद्धत घरोघर होती, एका मुलीला एक, दुसऱ्या मुलाला एक, त्यामुळे कागद १९७५ चा आणि लग्न १९५० चं असं सहज होतं. कॉपीत चेहरे थोडे पिठासारखे पसरलेले दिसतात, डोळ्यातली बारीक चमक गेलेली असते, कधीकधी मूळ फोटोची कड किंवा टाचणीची सावलीही छापली गेलेली असते. कागद प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत लागला तर तो सत्तरच्या दशकातला किंवा नंतरचा, मागची बाजू साध्या कागदासारखी असेल आणि फोटो कडेने वळत असेल तर जुना. पांढऱ्या बॉर्डरला कातरलेली नक्षीदार कड तीस ते साठच्या दरम्यान फार चालायची.

मांडवाचा फोटो असेल तर लोकांच्या मागेही बघा. ट्यूबलाइट आहे की पेट्रोमॅक्स? गोव्यात खेडोपाडी वीज मुख्यतः मुक्तीनंतर पोचली. लाकडी बाक, लोखंडी घडीच्या खुर्च्या, आणि मोल्डेड प्लॅस्टिकच्या खुर्च्या, या तीन पायऱ्याही काळ सांगतात.

कपड्यांवरून तुम्हाला पाच-सात वर्षांची रेंज मिळेल, नेमकं साल नाही. नेमकं साल हवं तर फोटोतलं सगळ्यात लहान मूल शोधा. कुणाच्या कडेवरचं बाळ, पुढे मांडी घालून बसलेली हाफ पँटमधली पोरं. घरातल्या सगळ्यात मोठ्या आत्याला फोटो दाखवून "लग्न कधी झालं" असं विचारू नका, त्याचं उत्तर अंदाजे येतं, "हे कडेवर कोण" असं विचारा. नाव मिळालं की त्याची जन्मनोंद काढता येते, आणि दोन वर्षांचं बाळ दोन वर्षांचंच दिसतं, तिथे फॅशनची भानगड नाही. लग्न कधीच्या आधी झालं, ही दुसरी मर्यादा तुमच्या आजीच्या पहिल्या मुलाच्या जन्मनोंदीवरून मिळते.

आणि आपण गोव्यात आहोत हे मोठं नशीब, इथे लग्नाची सिव्हिल नोंदणी पोर्तुगीज काळापासून चालत आलीय. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे चौकशी करा, फार जुनी रजिस्टरं पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. नोंदी पोर्तुगीजमधे आणि हाताने लिहिलेल्या, त्यामुळे नाव शोधताना स्पेलिंगची तयारी ठेवा, श साठी एक्स, प्रभूचं पोरोब, कामतचं कामोतीं. जन्मनोंदीत आई-वडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावं असतात, त्यामुळे चुकीचं माणूस पकडलं जायची भीती कमी. नोंदणीची तारीख आणि मांडवातल्या लग्नाची तारीख वेगळी असू शकते, कधी बरेच दिवस आधीची, त्याने गोंधळू नका.

ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली तर तीवर शके असेल. त्यात ७८ मिळवा, पण लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर बहुधा ७९, कारण शके गुढीपाडव्याला बदलतं आणि जानेवारीत इंग्रजी साल पुढे गेलेलं असतं. या एका वर्षावरून घराघरात वाद झालेले मी पाहिलेत.

फोटोंची काळजी घ्या हो, पावसाळा तोंडावर असेल तर आधी स्कॅन करून घ्या, कमीत कमी ६०० डीपीआयने, मागची बाजूही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. मागे लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने कधीच नाही.

शिक्क्याचा आणि नवऱ्याच्या कॉलरचा क्लोजअप इथे टाका, आणि करवल्यांच्या बाह्या दिसतील असा एक. तेवढ्यावरून १९४८ च्या बाजूचा की १९६४ च्या, हे मी नक्की सांगेन.