सातवीतल्या मुलाला कथानकाची रचना आणि पात्रांचे प्रकार कसे समजावून सांगावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की 'उत्कर्षबिंदू म्हणजे काय' असं विचारलं तर मुलगा व्याख्या घडाघडा म्हणतो, पण नवीन गोष्ट पुढ्यात ठेवून 'यात तो कुठे आहे, दाखव' म्हटलं की गप्प बसतो. पात्रांचंही तसंच. मी पंचवटीत सहावी ते आठवीच्या मुलांची मराठीची शिकवणी घेते. माझ्याकडे बरीच मुलं अशीच येतात. पोरांची चूक नसते त्यात. आपण आधी नावं पाठ करून घेतो आणि गोष्टीकडे नंतर वळतो.

मीही तेच करायचे. फळ्यावर डोंगर काढायचा: पायथ्याला प्रस्तावना, चढावर संघर्ष, शिखरावर उत्कर्षबिंदू, उतरून गेलं की शेवट. एकदा एका मुलाने गोष्टीची पानं मोजली, बरोबर मधलं पान शोधलं आणि तिथे पेन्सिलीने 'उत्कर्षबिंदू' लिहून मोकळा झाला. हा डोंगर मुळात गुस्टाव फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली पाच अंकी नाटकांसाठी मांडला होता. तिथे शिखर मध्यावरच येतं. मुलं वाचतात त्या बहुतेक गोष्टींत ते शेवटाजवळ असतं. माझा डोंगर दोन्ही बाजूंनी सारखा होता, त्यामुळे पोराने चित्राबरहुकूम काम केलं, एवढंच.

तेव्हापासून डोंगर सोडला आणि दुतोंड्या मारुती धरला, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली ती मूर्ती, जिच्यावरून पूर किती चढलाय ते आपण ओळखतो.

तुम्ही नाशिकच्याच आहात, म्हणजे जास्त सांगायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातम्यांत क्युसेकचे आकडे येतात, पण आपण विचारतो ते एकच, 'मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?' गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. पाणी जसं चढतं तशी घाटावरच्या माणसांची निवड कमी होत जाते. गुडघ्याला पाणी असताना टपरी हलवू की नको, असा विचार करायला वेळ असतो. छातीला आल्यावर नसतो. संघर्ष वाढतो म्हणजे नेमकं हेच होतं, आणि हे मुलांना न शिकवता कळतं.

मग मी त्यांना एक गोष्ट रचायला लावते. घाटावर फुलं विकणाऱ्या एक आजी आहेत. त्यांना आपली पत्र्याची पेटी वाचवायची आहे. नातवाला आजीला वर न्यायचंय. पाणी वाढतंय. इथे मी दोनच शब्द वापरायला देते, 'म्हणून' आणि 'पण'. 'मग' बंद. मुलं गोष्ट सांगतात ती 'मग हे झालं, मग ते झालं' अशी, आणि त्यातून घटनांची नुसती यादी होते. 'आजीला पेटी हवी होती, म्हणून ती थांबली, पण पाणी पायरीवर आलं, म्हणून नातू खाली उतरला, पण पेटी एकट्याने उचलेना' असं म्हणायला लागली की कथानक तयार झालं. इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली गोष्ट आणि कथानक यांतला फरक असाच कार्यकारणावर धरला होता. मुलांना फॉर्स्टर सांगायची काही गरज नाही.

आता उत्कर्षबिंदू. मुलांना वाटतं, पाणी सगळ्यात जास्त चढलं तो. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. पण पूर कितीही मोठा असो, आजी पेटीची कडी सोडून नातवाचा हात धरते तो क्षण खरा. त्यानंतर गोष्ट मागे फिरू शकत नाही. तुमच्या मुलाला 'सगळ्यात थरारक काय?' असं न विचारता 'कुठल्या वाक्यानंतर परत फिरता येत नाही?' असं विचारून बघा. बोट बऱ्यापैकी नेमक्या ओळीवर पडतं. आणि पुढचा गाळ विसरू देऊ नका. पूर ओसरल्यावर दुकानदार चार दिवस चिखल उपसतात, ती गोष्टीतली उतरण. मुलं हा भाग नेहमी एका ओळीत गुंडाळतात.

जाता जाता, नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्यात: आरंभ, यत्न (प्रयत्न), प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ती (मिळणार हे नक्की होणं), फलागम (फळ हाती येणं). मला त्या डोंगरापेक्षा आवडतात, कारण त्यांची सुरुवातच 'नायकाला काय हवंय' इथून होते. सातवीला पाठ करून घ्यायच्या नाहीत अर्थात.

पात्रांकडे येते. इथे खरा घोळ असा की तीन वेगळे प्रश्न मुलं एकात कालवतात. पात्र महत्त्वाचं आहे का, ते एकपदरी, म्हणजे एकाच शब्दात सांगता येईल असं, आहे का, आणि ते बदलतं का. यांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात. सीतागुंफेच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येक पोराला पंचवटीची कथा माहीत असते, तीच घ्या. शूर्पणखा थोडाच वेळ येते, पण तिचं नाक कापलं गेलं नाही तर पुढचं काहीच घडत नाही. म्हणजे भूमिका छोटी आणि कथानकातलं वजन प्रचंड. मारीच तर माझा लाडका. मुलं त्याला 'खलनायकाचा मदतनीस' म्हणून एका शब्दात निकालात काढतात. मी सांगते, आता त्याच्यापुढे 'पण' लाव. तो रावणाच्या बाजूचा आहे, पण आधी रावणालाच समजावतो की रामाच्या वाटेला जाऊ नकोस. रावण मारायची धमकी देतो, तेव्हा दोन्हीकडे मरणच आहे तर रामाच्या हातून आलेलं बरं, असं म्हणून हरीण होतो. एवढ्याशा भूमिकेत केवढा माणूस!

हीच कसोटी. ज्याच्यापुढे खरा 'पण' लागतो ते पात्र बहुपदरी. ज्याला लागत नाही ते एकपदरी, आणि त्यात कमीपणा काही नाही, गोष्टीला अशी साधी पात्रंसुद्धा लागतात. बदल वेगळा तपासायचा: पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानावर तसाच वागला असता का? आपल्या आजी बदलल्या. नातू पहिल्यापासून आजीसाठीच धडपडत होता, तो बदलला नाही, तरी गोष्ट त्याच्याशिवाय उभी राहत नाही. आणि विरोधी पात्र कोण? वर्गात निम्मे म्हणतात नदी, निम्मे म्हणतात आजीचा हट्ट. मी दोन्ही उत्तरांना गुण देते, कारण नीट सांगितलं तर दोन्ही बरोबर आहेत.

परीक्षेसाठी नावं लागतातच, ती शेवटी लिहून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि घरी गोष्ट सांगताना मुलगा 'मग' म्हणाला की लगेच टोकू नका. पूर्ण सांगू द्या, नंतर त्याचे 'मग' तुम्ही दोघं मिळून मोजा. माझ्या एका विद्यार्थ्याचे पहिल्या दिवशी एकवीस भरले होते.