टॅपेट कव्हर उघडायच्या आधी

प्रश्न : काका नमस्कार. माझा दहा चाकी ट्रक आहे, बीएस-४, सहा सिलिंडर, कॉमन रेल, म्हणजे एकाच हाय-प्रेशर पाईपमधून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं. कळंबोली ते न्हावाशेवा आणि मधे मधे भिवंडी असा धंदा चालतो. महिना झाला, सकाळी सेल्फ मारला की पाचेक मिनिटं पांढरा धूर आणि मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतं, गरम झाली की ठीक होते पण लोडवर पिकअप पहिल्यासारखा नाही. मेकॅनिक म्हणतो टॅपेट कव्हर खोलून सहाच्या सहा इंजेक्टर काढून बघू, रविवारी इथे यार्डातच. करू देऊ का?
— एक ट्रकमालक, कळंबोली

उत्तर : दादा, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे हे इंजेक्टर काढावे लागतीलही, पण लगेच या रविवारी नको आणि उघड्या यार्डात तर अजिबात नको. टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, ते काढणं सोपं आहे, दहा-बारा बोल्ट, अर्ध्या तासाचं काम, म्हणूनच सगळे आधी तिथेच हात घालतात. पण नुसतं कव्हर काढून इंजेक्टर चांगला की खराब ते डोळ्याला दिसत नाही हो, ते कळतं स्कॅनरवर आणि टेस्ट बेंचवर.

आधी डिपस्टिक काढा. ऑईलची पातळी आपोआप वाढलीय का, पातळ झालंय का, डिझेलचा वास येतोय का? असेल तर गाडी उभी करा, एक ट्रिपसुद्धा मारू नका, कारण आत कुठेतरी डिझेल ऑईलमध्ये उतरतंय आणि असं पातळ ऑईल बेअरिंग खातं. मग मात्र कव्हर उघडावंच लागेल, इंजेक्टरचा ओ-रिंग नाहीतर बाजूने इंजेक्टरला डिझेल आणणारी फीड ट्यूब बघायला.

ऑईल ठीक असेल तर फिल्टरखालचा वॉटर सेपरेटर एका बाटलीत खाली करा. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये टाकीच्या झाकणाचं रबर जरी फाटलेलं असलं तरी पाणी आत जातं, आणि पाण्यानेही मिसिंग येतं, पुढे इंजेक्टरही त्यानेच मरतात. आणि कोणी म्हणालं की थंडीचा धूर आहे, होतं असं, तर ऐकू नका, कळंबोलीत सकाळी २५ डिग्री असताना पाच मिनिटं पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय.

मग स्कॅनर लावून एकेक सिलिंडर बंद करून बघायला सांगा. ज्याला बंद केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही तो तुमचा आजारी सिलिंडर. तिथेही लगेच इंजेक्टरला दोष नको, कॉम्प्रेशन कमी असलं तरी हाच धूर येतो.

आता एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या साध्या डिझेल पंपाच्या गाडीवर आपण चालू इंजिनवर पाईपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायचो. कॉमन रेलवर हे कधीच करायचं नाही, कोणालाही करू द्यायचं नाही. लाईनमध्ये १६०० बारच्या आसपास प्रेशर असतं, त्या बारीक धारेने डिझेल कातडीतून सरळ आत घुसतं. आमच्या गॅरेजमधल्या एका पोराच्या बोटाला असंच झालं होतं, वर फक्त सुई टोचल्यासारखा ठिपका, दुखतही नव्हतं, संध्याकाळपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला आणि ऑपरेशन करावं लागलं. असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच सायन, केईएम, जे जवळ असेल तिथे जायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की प्रेशरने डिझेल आत गेलंय. गळती शोधायची तरी पुठ्ठा फिरवायचा, हात नाही. इंजिन बंद केल्यावरही किमान दहा मिनिटं लाईनला पाना लावायचा नाही. आणि इग्निशन चालू असताना इंजेक्टरच्या वायरींना हात नको, तिथे बॅटरीच्या २४ व्होल्टपेक्षा खूप जास्त व्होल्टेज असतं.

एवढं सगळं होऊन कव्हर काढायचंच ठरलं तर बंद शेडमध्ये, थंड इंजिनवर. आधी वरून धुऊन हवा मारून घ्या. इंजेक्टरच्या आतली फट दोन-चार मायक्रॉनची, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे बघा, यार्डातली धूळ त्यात गेली तर काय होणार. कॉटन वेस्ट वापरू देऊ नका, त्याचे धागे सुटतात. उघडी तोंडं लगेच स्वच्छ टोपीने बंद. कव्हर निघालंच आहे तर टॅपेटचा गॅपही बघून घ्या, कधीकधी सगळा दोष तिथेच निघतो आणि नवीन इंजेक्टरचे पैसे वाचतात.

इंजेक्टर काढला की खालचा तांब्याचा वॉशर नवीनच घाला, आणि जुना भोकात चिकटून राहिला नाही ना हे टॉर्च मारून बघा, दोन वॉशर झाले तर नोझल वर राहतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. टोकाला तारेचा ब्रश नको. बसवताना इंजेक्टरचा बोल्ट आणि फीड ट्यूबचा नट कुठला आधी, किती टॉर्कने, हे मॅन्युअलमध्ये असेल तसंच, कारण ट्यूब नीट बसली नाही की रिटर्न, म्हणजे टाकीकडे परत जाणारं डिझेल, वाढतं आणि चांगला इंजेक्टर खराब म्हणून फेकला जातो, हे मी फार वेळा बघितलंय. वायरीचे बारीक नट अगदी हलक्या हाताने, स्टड तुटला तर इंजेक्टरच गेला. नवीन इंजेक्टरवर कोड असेल तर तो ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरून घ्या, त्याशिवाय मेकॅनिकला सोडू नका.

प्रश्न : टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं तरी ऑईल गळतंय, काय करू?
— एक ड्रायव्हर, वडाळा ट्रक टर्मिनल

उत्तर : तिसरं पॅकिंग आणू नका, आधी ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारा, पाईप काढून बघा, तो तुंबला की आतलं प्रेशर कुठूनतरी ऑईल बाहेर ढकलणारच. आयडलवर ऑईलचं झाकण नुसतं ठेवून बघा, उडत असेल तर पिस्टनच्या रिंगांचं काम आहे. आणि रबरी पॅकिंगवर वरून सिलिकॉन लावत असाल तर ते बंद करा, रबर सरकतं. बोल्ट आवळताना मधल्यापासून सुरू करून बाहेरच्याकडे, समोरासमोर, सांगितलेल्या टॉर्कला, पूर्ण जोर लावून नाही.