रात्री अडीचची टॅक्सी

"मॅडम, पेन क्लिनिकला पाठवलंय म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले ना?" फुप्फुसाच्या कॅन्सरच्या वयस्क रुग्णांच्या घरचे हे मला आठवड्यातून एकदा तरी विचारतात. लालबागच्या एका सुनेने तर फाइल टेबलावर आपटूनच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

सासरे ७३ वर्षांचे. १९८२च्या संपात गिरणी सुटलेली. आजार चौथ्या स्टेजला, किमो चालू. चाळीत तिसरा मजला, लिफ्ट नाही. रात्री धाप लागली की शेजारची पोरं काकांना खुर्चीत बसवून जिना उतरवायची, टॅक्सी, कॅज्युअल्टी, ऑक्सिजन, एक्स-रे, आणि सकाळी परत तोच जिना. दोन महिन्यांत चार खेपा. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता आयुष्मान कार्ड मिळतं, ते यांनी काढलं होतं. पण टॅक्सीचं भाडं आणि मुलाचे खाडे त्यात बसत नाहीत.

"नाही नेलं तर लोक म्हणतील, सुनेने हयगय केली."

मी आकडे काढले. तिथे माझं चुकलंच. २०१०मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांचा अभ्यास छापला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर (पेन क्लिनिकमध्ये मिळते तशी, वेदना-धाप असा त्रास कमी करणारी काळजी) मिळालेल्यांना शेवटच्या काळात जड उपचार कमी झाले, तरी ते जगले मात्र जास्त: साधारण ११.६ महिने, इतर ८.९.

"बोस्टनला लिफ्ट असते, मॅडम."

मग मी विचारलं, काकांना काय हवंय? ती गप्प. चाळीस मिनिटांत काकांची इच्छा एकदाही बोलण्यात आली नव्हती.

पुढच्या वेळी काका स्वतः आले. दम खात, तुटक बोलत. "धाप परवडली. ती खुर्ची नको. अख्खी चाळ गॅलरीत उभी राहते. दर खेपेला अंत्ययात्रेची रंगीत तालीम." सून रडायला लागली, काका हसत होते. मला दोन्ही समजलं.

त्यानंतर पॅलिएटिव्हच्या टीमने किमो न थांबवता घरातली सोय लावून दिली. चेहऱ्यावर वारा येईल असा छोटा पंखा. स्टुलावर उशी ठेवून पुढे वाकून बसायचं. धापेसाठी मॉर्फिनचा अगदी कमी डोस. त्यावर घरात मोठा वाद झाला, "सवय लागेल" म्हणून. डोस डॉक्टर मोजून देतात आणि त्याचा खरा त्रास बद्धकोष्ठाचा, त्यासाठी औषध सोबतच देतात, हे मुलाला दोनदा सांगावं लागलं. रात्री फोन कोणाला करायचा ते ठरलं.

आणि फ्रिजवर एक कागद. तोंडातून रक्त आलं, किमोच्या दिवसांत ताप १००.४च्या वर गेला, पायांतली ताकद अचानक गेली, ग्लानी आली किंवा पंख्याने-औषधानेही धाप आटोक्यात येईना, तर विचार करत बसायचं नाही, निघायचं. "हयगय" या शब्दाला उत्तर म्हणून तो कागद सुनेला माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त कामाला आला. शेजारणीने तोंड वाकडं केलं की ती कागदाकडे बोट दाखवायची.

पुढच्या दोन महिन्यांत कॅज्युअल्टीला एकदाच जावं लागलं, तापासाठी, दुपारी. खुर्ची आली तेव्हा काकांनी आधी टोपी मागितली.