राग आल्यावर उशीवर गुद्दे मारले तर राग खरंच निवतो का?

नाही, आणि ज्याच्यावर चिडलात त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून गुद्दे मारलेत, तर राग उलट भडकतो. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ६०० विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. आधी त्यांच्या निबंधांवर जिव्हारी लागेल असा शेरा मारून त्यांना चिडवलं. मग काहींनी शेरा मारणाऱ्याला आठवत पंचिंग बॅग बडवली, काहींनी व्यायाम म्हणून बडवली, तर काही जण दोन मिनिटं नुसते बसून राहिले. नंतर हेडफोनमधून शेरा मारणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायची मुभा दिली, तेव्हा सर्वांत सौम्य वागले ते नुसते बसलेले. कारण साधं आहे: रागात छाती धडधडत असते, अंग तापलेलं असतं, गुद्द्यांनी ते आणखी तापतं आणि मनात तोच अपमान घोळत राहतो. म्हणून आधी तिथून बाजूला व्हा, बसा, चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाचेक मिनिटं करा. आणि हो, त्या वेळात मनातल्या मनात भांडण पुन्हा उगाळू नका, नाहीतर श्वासाचाही उपयोग होत नाही. नेहमीचा व्यायाम मात्र यासाठी सोडू नका. तो तब्येतीला हवाच, फक्त रागाच्या भरात राग उतरवायला म्हणून नको.