वाचक विचारतात: स्टीअरिंग घेताय? आधी ब्रेकचं बघा

गेल्या अंकात स्टीअरिंग आणि पेडल लावून खेळायच्या रेसिंग सिम्युलेटरबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की आजचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. सगळे घेता आले नाहीत, बरेच प्रश्न एकसारखेच होते, त्यातले हे काही.

मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेमिंग लॅपटॉप आहे, कीबोर्डवर रेसिंग खेळून कंटाळा आला. बाबा ३० हजारापर्यंत द्यायला तयार आहेत. कुठलं स्टीअरिंग घेऊ? मित्र म्हणतो थांब, पैसे साठव आणि थेट डायरेक्ट ड्राइव्हच घे.

थांबू नकोस. मित्राचं म्हणणं चूक नाहीये पण ते दुसऱ्या पायरीचं आहे, तू अजून पहिलीवर आहेस. थोडक्यात सांगतो, स्वस्तातली स्टीअरिंग असतात त्यात मोटर आणि चाकाच्या मध्ये गिअर असतात, उदाहरणार्थ लॉजिटेकचं जी२९ किंवा जी९२०, ताकद साधारण २ न्यूटन-मीटर (चाक फिरवायच्या जोराचं माप), थोडा खडखड आवाज येतो, चाक ९०० अंश म्हणजे अडीच फेरे फिरतं. त्याच्या वर बेल्टवाली, थ्रस्टमास्टरचं टी३०० वगैरे, ती मऊ चालतात. आणि डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे मोटरच्या शाफ्टलाच चाक, मध्ये काहीच नाही, फॅनाटेकचं सीएसएल डीडी ५ न्यूटन-मीटरचं आहे, मोझा आर५ साडेपाचचं. फरक जाणवतो, खूप जाणवतो. पण तुला आत्ता शिकायचंय ते हातात कमी आणि पायात जास्त आहे, आणि त्यासाठी गिअरवालं स्टीअरिंग अगदी पुरेसं आहे.

माझं स्पष्ट मत, ३० हजार सगळेच्या सगळे स्टीअरिंगवर घालू नकोस. चांगल्या अवस्थेतलं सेकंडहँड मिळालं तर बघ. घेताना समोर लावून दाखवायला सांग, पॉवर दिली की चाक आपणहून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून मध्ये येऊन थांबलं पाहिजे. अ‍ॅडॅप्टर सोबत आहे का ते नक्की बघ, नुसत्या यूएसबीवर चाक हातात जोर देत नाही. मग लॅपटॉपवर पेडल किती दाबला ते दाखवणारे बार उघडून ब्रेक अगदी हळू दाब आणि हळू सोड, बार मध्येच उड्या मारत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (पेडल किती खाली गेला ते मोजणारा भाग) झिजलाय किंवा त्यात धूळ गेलीय. धूळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होते, झिजला असेल तर बदलावा लागतो, त्या हिशोबाने भाव कर. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असलेल्या वाचकांसाठी, जी२९ प्लेस्टेशनला चालतं, जी९२० एक्सबॉक्सला, उलटं चालत नाही, आणि पीसीला दोन्ही चालतात.

उरलेले पैसे आणि डोकं बसवण्यात घाल. आपल्याकडे फरशी गुळगुळीत असते, जोरात ब्रेक दाबला की पेडल पुढे सरकतात आणि चाकाची खुर्ची मागे जाते, आणि मग माणूस नकळत ब्रेक हळू दाबायला शिकतो, ती सवय नंतर मोडणं फार जड जातं. म्हणून पेडल भिंतीला टेकव, मध्ये अंतर राहत असेल तर लाकडाचा तुकडा घाल, खाली रबराची मॅट टाक, आणि चाकाच्या खुर्चीऐवजी साधी चार पायांची भक्कम खुर्ची घे. टेबल हलतं का तेही बघ. हे जमलं की गेम म्हणून असेटो कोर्सा घे, २०१४ चा आहे, जुन्या मशीनवरही बरा चालतो, सेलमध्ये स्वस्तात मिळतो आणि गाडीची भाषा शिकायला अजूनही तोच उत्तम वाटतो मला. बनवणारी कुनोस ही इटालियन कंपनी, त्यांचं ऑफिसच रोमजवळच्या वॅलेलुंगा ट्रॅकवर होतं, आणि ते गेममध्ये जाणवतं.

ठाण्याहून लिहितोय. नवीन सेट घेतला, असेटो कोर्सामध्ये मॅकलॅरन जीटी३ ही रेसची गाडी घेऊन इटलीतल्या मोन्झा ट्रॅकवर जातो. पहिल्याच शिकेनला (लागोपाठच्या उलटसुलट वळणांना) ब्रेक मारला की एकतर सरळ बाहेर नाहीतर गाडी गर्रकन फिरते. लोक म्हणाले खरं खेळायचं तर सगळे असिस्ट (गेमने दिलेली मदत) बंद कर, म्हणून एबीएस पण बंद केलंय. यूट्यूबवरची सगळी सेटिंग लावून झाली. काय चुकतंय?

सर्वात आधी, एबीएस चालू करा. खऱ्या जीटी३ गाड्यांमध्ये एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाक घसरू न देणारी) असतंच, रेसचे ड्रायव्हर ते लावूनच चालवतात. गेममध्ये असिस्टला 'फॅक्टरी' असा पर्याय आहे, म्हणजे खऱ्या गाडीत जे आहे तेवढंच मिळतं, तो ठेवा. सगळं बंद म्हणजे खरं, हे बऱ्याच नवीन लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं आणि त्यात उगाच महिने जातात.

दुसरं, गाडी आणि ट्रॅक दोन्ही बदला, निदान थोडे दिवस. मोन्झाला सरळ रस्त्यावर प्रचंड वेग येतो आणि तिथून एकदम पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वळणात यायचं, शिकायला याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही. त्याच गेममध्ये अबार्थ ५०० आहे, छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी, आणि मॅजिओने नावाचा अडीच किलोमीटरचा ट्रॅक आहे. हळू गाडीत चूक सावकाश होते, त्यामुळे ती दिसते. जीटी३ मध्ये चूक कधी झाली हे कळेपर्यंत तुम्ही वाळूत असता.

आता मुख्य गोष्ट, ब्रेक. टायरकडे पकड ठरावीकच असते आणि ती ब्रेक आणि वळणं या दोघांत वाटून द्यावी लागते. पूर्ण ब्रेक दाबलेला असताना स्टीअरिंग फिरवलंत तर पुढच्या टायरकडे वळायला काही उरतच नाही, म्हणून गाडी सरळ जाते. घाबरून तुम्ही चाक अजून फिरवता, त्याने काहीच होत नाही, मग ब्रेकवरचा पाय झटकन काढता, पुढच्या टायरला अचानक पकड मिळते आणि चाक तर आधीच खूप वळलेलं, नाक झपकन आत जातं आणि मागची बाजू अजून हलकीच असते कारण ब्रेकमुळे सगळं वजन पुढे आलेलं असतं. झालं, गोल फिरली. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच, ब्रेक सोडायची पद्धत.

आपल्याला रस्त्यावरची सवय असते, आधी हळू दाबायचा आणि मग गाडी थांबत आली की वाढवायचा. ट्रॅकवर उलटं. वेग सगळ्यात जास्त असतो तेव्हाच ब्रेक सगळ्यात जोरात, आणि वेग उतरत जाईल तसा तो कमी करत जायचा. जीटी३ सारख्या पंखवाल्या गाड्यांना तर हे जास्तच लागू, कारण वेगात हवा गाडीला खाली दाबत असते, टायर तेव्हा जास्त ब्रेक झेलतो, वेग कमी झाला की तो दाब जातो. मग वळणात शिरताना उरलेला थोडासा ब्रेक पायाखाली ठेवून, स्टीअरिंग जसं वळेल तसा तो सोडत जायचा, याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुढच्या टायरवर वजन राहतं आणि गाडी आत वळते. हाताने जितकं देता तितकं पायाने परत घ्या, एवढंच सूत्र.

सराव असा करा. अबार्थमध्ये एबीएस बंद करा (हो, इथे मुद्दाम बंद), सरळ रस्त्यावर ब्रेक वाढवत न्या, टायर लॉक होऊन किंचाळला की किंचित सोडा, आवाज थांबेल तिथे पाय धरून ठेवा. ती जागा पायाला पाठ झाली पाहिजे. मग एकच वळण घ्या, ब्रेक कुठे मारायचा त्याची खूण ठरवा, पाटी असेल, डांबरावरचा पट्टा असेल, काहीही, आणि तीच खूण धरून दहा-बारा वेळा या. गाडी नीट थांबत असेल तरच खूण पुढे ढकला. ब्रेक मारताना डोळे बंपरसमोर नकोत, वळणाच्या आतल्या टोकाकडे हवेत, आणि तिथे पोचायच्या आधीच पुढच्या बाहेर पडायच्या जागेकडे. स्क्रीनवर पेडलचा ग्राफ दाखवणारं छोटं अ‍ॅप गेममध्येच आहे ते लावा, ब्रेकची रेघ चढताना उभी आणि उतरताना उताराची दिसायला हवी, खाली कड्यासारखी तुटलेली दिसली की समजायचं पाय झटकला.

आणि पुढेमागे पैसे खर्च करावेसे वाटले तर आधी लोड सेलचा ब्रेक घ्या, स्टीअरिंग नंतर. साधा पेडल किती खाली गेला ते मोजतो, लोड सेल किती जोर लावला ते मोजतो, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच सेन्सर. पायाला अंतर नीट लक्षात राहत नाही, जोर राहतो. लॅपमध्ये सातत्य त्यानेच येतं, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

फोर्स फीडबॅक १०० टक्के केलाय तरी गाडी काय करतेय ते कळत नाही, चाक नुसतं जड लागतं. आणि वेगाचा अंदाज येत नाही. (नाशिक)

फोर्स फीडबॅक म्हणजे मोटर चाकातून हाताला देते तो जोर, आणि तो १०० टक्के केलाय म्हणूनच कळत नाहीये. छोट्या मोटरला गेमने तिच्या ताकदीबाहेरचा जोर मागितला की ती कमालच देत बसते, मग कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंच पट्ट्यावर) चढलात काय आणि जोरात वळलात काय, हाताला दोन्ही सारखंच. याला क्लिपिंग म्हणतात. असेटो कोर्साच्या त्याच पेडलवाल्या अ‍ॅपमध्ये फोर्सचा बार असतो, तो लाल व्हायला लागला की क्लिपिंग चालू. गेममधला गेन, म्हणजे या जोराचं सेटिंग, कमी करत जा, लांब वेगवान वळणात बार क्वचितच लाल झाला पाहिजे. मग एक गोष्ट हाताला लागेल ज्यासाठी हे सगळं आहे, पुढचे टायर घसरायला लागायच्या जरा आधी चाक हलकं होतं. तो हलकेपणा म्हणजे टायर सांगतोय की आता अजून फिरवू नकोस. सेंटरिंग स्प्रिंग चालू असेल तर बंद करा, ती खोटी ओढ असते आणि खरी ओढ झाकून टाकते.

वेगाचं म्हणाल तर फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य दिसतं ते, बघा. बहुतेकांनी तो फार मोठा ठेवलेला असतो, मग वळणं लांब वाटतात आणि सगळं खोटं पळतं. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन जेमतेम २८ अंश येतो, सुरुवातीला नळीतून बघितल्यासारखं वाटतं. मॉनिटर स्टीअरिंगच्या अगदी मागे, ४५ सेंटिमीटरवर आणला तर तोच कोन ३७ होतो, आणि त्याला खर्च शून्य. आकडे बदलण्यापेक्षा मॉनिटर ओढा.

माझा मुलगा अकरावीत आहे, त्याला डायरेक्ट ड्राइव्ह स्टीअरिंग हवंय. हात मोडतो म्हणतात, खरं आहे का? आणि तो म्हणतो यातून खरे रेसर होतात. (एक आई, कोल्हापूर)

ताई, ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचं असेल तर घाबरण्यासारखं नाही, पण नियम घालून द्या. अंगठे चाकाच्या आत अडकवायचे नाहीत, रिमवर बाहेरून ठेवायचे, आणि गाडी भिंतीवर आदळणार असं दिसलं की हात सोडून द्यायचे, कारण त्या क्षणी चाक झटक्यात फिरतं. १० न्यूटन-मीटरच्या वरची यंत्रं आत्ता नकोत. त्याची उंची आणि खांदे बघून जोर अर्ध्यावर ठेवला तरी शिकायला काही कमी पडत नाही. अजून एक, पेडलचा धपधप आवाज खालच्या मजल्यावर जातो, खाली जाड मॅट टाका, शेजाऱ्यांशी वाद होणार नाहीत.

खरे रेसर होतात हे खोटं नाही. यान मार्डनबरो २०११ मध्ये ग्रॅन टुरिस्मो या रेसिंग गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि पुढे फ्रान्समधली ल माँची २४ तासांची रेस धावला. विल्यम बायरन आयरेसिंग या सिम्युलेटरवर शिकला आणि २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षं डेटोना ५०० ही अमेरिकेतली मोठी रेस जिंकला. पण बायरनही पुढे खऱ्या छोट्या गाड्यांतून वर गेला. मुलाला खरंच ओढ असेल तर त्याला कार्टिंगला नेऊन बघा. अंगाला बसणारा धक्का घरात कळत नाही, तो तिथेच कळेल. आणि यातून रस्त्यावरची गाडी येईल असं समजू नका, नजर आणि ब्रेकचा पाय सुधारेल, पण रिक्षा, कुत्रा आणि उलट दिशेने येणारी बाइक यांच्यासाठी लायसन्सची शिकवणीच हवी.

गिअरचा शिफ्टर डावीकडे लावू की उजवीकडे?

आपल्या रस्त्याची सवय आहे ना, मग डावीकडे लावा, हात आपोआप जाईल. गेममध्ये ड्रायव्हर डाव्या सीटवर बसलेला दिसला तरी दोन दिवसांत नजर सरावते. आणि सुरुवातीला शिफ्टर घेतलाच नाही तरी चालेल, स्टीअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पॅडलवर भागतं.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला असतो. उन्हाळ्यात नुरबर्गरिंगच्या नॉर्डश्लायफवर स्वतःची गाडी घेऊन जायचा विचार आहे. सिम्युलेटरवर आधी तयारी करून उपयोग होईल का?

होईल, नक्की करा. असेटो कोर्सामध्ये हा ट्रॅक २०१५ पासून लेझर स्कॅन केलेला आहे, कुठे खड्डा आणि कुठे उंचवटा ते खऱ्यासारखंच. २०.८ किलोमीटर लांब, पुढचं वळण टेकाडामागे लपलेलं, तिथे वळणाचा क्रम माहीत असणं ही निम्मी सुरक्षितता आहे. रोज पूर्ण चक्कर मारू नका, तुकडे पाडा, एक आठवडा फुक्सरोरेपर्यंत, मग बर्गवेर्कपर्यंत (१९७६ मध्ये फॉर्म्युला वन ड्रायव्हर निकी लाउडाचा अपघात त्याच भागात झाला), मग कारुसेल, मग पुढचं. गाडीही तुमच्या गाडीच्या ताकदीची घ्या, जीटी३ घेऊन पाठ केलेल्या ब्रेकच्या खुणा तिथे काहीच कामाच्या नाहीत.

दोन गोष्टी मात्र स्क्रीनवर कळणार नाहीत. एक म्हणजे चढउतार, पूर्ण ट्रॅकवर जवळजवळ ३०० मीटरचा फरक आहे आणि फुक्सरोरेचा उतार पहिल्यांदा बघितला की लोक चक्रावतात. दुसरं म्हणजे तुमचे ब्रेक तापतात, घरच्या गाडीचे ब्रेक एका चकरेतच मऊ पडू शकतात, म्हणून एक चक्कर मारली की बाहेर येऊन गाडी थंड होऊ द्या. पर्यटकांच्या वेळेत तो रस्ता कायद्याने सार्वजनिक टोल रस्ताच असतो, ओव्हरटेक फक्त डावीकडून, वेळ लावायला बंदी, आणि मागून वेगात कोणी आलं की उजवा इंडिकेटर देऊन उजवीकडे राहायचं. आरसे बघायची सवय सिम्युलेटरवर लागत नाही, ती मुद्दाम लावून घ्या. आणि निघण्याआधी विम्याचे कागद वाचा, बऱ्याच पॉलिसीत हा ट्रॅक वगळलेला असतो, भाड्याच्या साध्या गाडीला तर बहुतेक मनाईच असते.